खाणकामगाराची नोंद कोणाच्या हाती?



कूळकायद्याच्या लढ्यात ज्यांनी गावोगाव हिंडून काम केले, त्यांना नोंदीचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई कूळकायद्याने कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. परंतु ज्या कुळाचे नाव पीकपाहणीच्या रकान्यात कधी चढलेच नव्हते, त्याला बापजाद्यांपासून जमीन कसूनही ‘ही मीच कसतो’ हे सिद्ध करता करता नाकी नऊ आले. हक्क कायद्याने दिला आणि नोंदीने अडवला. वही तलाठ्याच्या दप्तरात, तलाठी पाटलाच्या ओसरीवर आणि कूळ अंगणात उभे, ही ती व्यवस्था होती. वही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कायद्यात काय लिहिले आहे या प्रश्नाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच महत्त्वाचा असतो, हा धडा त्या लढ्याने दिला.

हाच धडा जमिनीच्या पोटात, युरेनियमच्या खाणीत काम करणाऱ्या श्रमिकालाही लागू पडतो. त्याच्या बाबतीत मात्र अडवली जाते ती जमीन नव्हे. त्याचे आयुष्य, आणि त्याच्या पश्चात त्याच्या विधवेची भाकरी.

नोंद कशाची?

खाणीतील हा धोका कसा निर्माण होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. युरेनियमच्या विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून रॅडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. खडकाच्या भेगांतून तो खाणीच्या बोगद्यात उतरतो. त्याचे स्वतःचे विघटन होऊन पोलोनियमसारखी जी अल्पजीवी मूलद्रव्ये निर्माण होतात, ती धुळीच्या कणांना चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथे किरणोत्सर्ग करीत राहतात. दगड पडून मरणारा कामगार सर्वांना दिसतो. या हवेने मरणारा कामगार खाण सोडल्यावर पंधरा, वीस, तीस वर्षांनी, आपल्या घरी, खाटेवर, फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतो. तोवर कंपनी बंद झालेली असते, मुकादम निवृत्त झालेला असतो आणि बोगद्यात पाणी भरलेले असते. कारण आणि परिणाम यांना जोडणारा एकच दुवा उरतो, तो म्हणजे कागद.

हा कागदही साधा नाही. छातीवर लावलेली किरणमापक पट्टी बाहेरून शरीर भेदून जाणारे किरण मोजते. श्वासावाटे आत जाणारे विष तिला कळत नाही. ते कळण्यासाठी त्या विशिष्ट ठिकाणच्या हवेचे मोजमाप करावे लागते आणि त्या हवेत तो विशिष्ट कामगार किती तास होता, हे लिहून ठेवावे लागते. खाणशास्त्रात यासाठी ‘वर्किंग लेव्हल मंथ’ हे माप रूढ झाले. ठरावीक पातळीच्या दूषित हवेत १७० तास, म्हणजे ढोबळ मानाने महिनाभर काम केले की एक माप भरते. म्हणजे हवेचा आकडा आणि हजेरीपट यांचा गुणाकार हीच कामगाराची मात्रा होय. कोण, कोणत्या पाळीत, कोणत्या तळावर, किती तास, ही वरवर पाहता पगारापुरती असलेली माहिती येथे वैद्यकीय दस्तऐवज बनते. हजेरीपट फाटला की त्या माणसाच्या आजाराचा पुरावाच फाटला.

हा धोका काल-परवा उघडकीस आला असेही नाही. जर्मनीतील श्नेबर्ग भागातील खाणकामगारांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात, असे हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी १८७९ मध्येच प्रसिद्ध केले होते. तेव्हा किरणोत्सर्गाचा शोधही लागला नव्हता. डोंगराच्या पलीकडल्या बाजूस असलेल्या याखिमॉव्ह येथील खाणीतूनच पुढे क्यूरी दांपत्याला रेडियमच्या शोधासाठी खनिज मिळाले. तेथील खाणकामगारांतही हाच रोग आढळला. म्हणजे दुसरे महायुद्ध संपून अणुबाँबसाठी युरेनियमची धावपळ सुरू झाली, तेव्हा या हवेने माणसे मरतात हे ज्ञान मानवजातीजवळ होते. नव्हती ती हे ज्ञान कामगाराच्या कानी घालण्याची इच्छा. यापुढे काय घडले, ते तीन देशांच्या उदाहरणांवरून पाहता येते.

नोंद झाली, सांगितली गेली नाही

पहिले उदाहरण अमेरिकेचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या पठारी मुलखात युरेनियमच्या शेकडो लहानमोठ्या खाणी निघाल्या. त्यांतल्या अनेक खाणी नवाहो या मूलनिवासी जमातीच्या भूमीवर होत्या आणि त्यांत नवाहो तरुण काम करीत. युरेनियमचा गिऱ्हाईक त्या काळात एकच होता, तो म्हणजे अमेरिकी सरकारचा अणुऊर्जा आयोग. १९५० मध्ये सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या कामगारांची पाहणी सुरू केली. खाणीत उतरायचे तर मालकांची परवानगी हवी होती आणि कामगारांना धोक्याची जाणीव करून देऊन बिथरवायचे नाही, या समजुतीवर ती मिळाली. डॉक्टर आले, त्यांनी रक्त तपासले, हवा मोजली, आकडे लिहून घेतले. ज्याच्या छातीचे आकडे होते, त्याला मात्र त्यांचा अर्थ कोणी सांगितला नाही.

पाहणी वर्षानुवर्षे चालली. चार हजारांहून अधिक कामगारांचे आयुष्य तीत बांधले गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभीच कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे अधिक असल्याचे दिसू लागले. तरीही वर्षाला चार मापांची राष्ट्रीय मर्यादा अंमलात यायला १९७१ साल उजाडले. तोवर नवाहो वस्त्यांत विधवांची संख्या वाढत होती.

या विधवा न्यायालयात गेल्या. एकेकाळचे अंतर्गत व्यवहारमंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. १९८४ मध्ये ॲरिझोनातील संघराज्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला आणि पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. सांगायचे की नाही हा सरकारी अधिकाऱ्यांच्या स्वेच्छाधिकारातील धोरणाचा प्रश्न असल्यामुळे सरकारवर दावा चालू शकत नाही, असा त्याचा आशय होता. अखेर १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली आणि पात्र खाणकामगारास वा त्याच्या वारसास एक लाख डॉलर देऊ केले.

आणि येथेच नोंदीचा प्रश्न पुन्हा आडवा आला. मूळ कायद्याने धूम्रपान न करणाऱ्या कामगाराकडून २०० मापांचा पुरावा मागितला. धूम्रपान करणाऱ्याकडून त्याहून अधिक. १९७१ नंतरच्या मर्यादेने मोजले तर ही पन्नास वर्षांची मात्रा होते! जुन्या खाणींतील हवा इतकी दूषित होती की अनेकांनी ती थोड्याच वर्षांत ओलांडली असणार. पण असणार आणि सिद्ध होणार यांत दरी होती. ज्या लहान खाणींत हवा कोणी मोजलीच नव्हती आणि मजुरीची वहीही धड नव्हती, तेथील कामगाराने पुरावा आणायचा कोठून? पारंपरिक रीतीने झालेल्या नवाहो विवाहांचा कागद नसल्याने, आपण त्याची पत्नी होतो हेदेखील अनेक विधवांना सिद्ध करावे लागले. शेवटी २००० मध्ये कायदा सुधारून ४० मापे अथवा एक वर्षाची नोकरी, यांपैकी एक दाखवणे पुरेसे ठरवण्यात आले. हा कायदा २०२४ मध्ये मुदत संपून थांबला आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा लागू झाला; १९७१ ऐवजी १९९० अखेरपर्यंतच्या कामगारांना तेव्हा कोठे त्यात जागा मिळाली.

यातून निघणारा निष्कर्ष कठोर आहे. जेथे नोंद झाली, तेथे ती कामगारापासून लपवली गेली. जेथे नोंद झाली नाही, तेथे तिच्या अभावाचा भुर्दंड कामगारावरच पडला. मोजमाप न करण्याचा दोष मालकाचा, आणि पुराव्याचा भार मात्र मजुराच्या शिरी!

कामगारांनी नोंद मागितली

दुसरे उदाहरण कॅनडाचे, आणि ते आशेचे आहे. ओंटारिओ प्रांतातील एलियट लेक हे युरेनियमच्या खाणींसाठीच वसवलेले गाव. तेथील कामगार पोलाद कामगारांच्या बलाढ्य संघटनेत संघटित होते. गावातली माणसे धुळीच्या रोगाने आणि कर्करोगाने दगावत आहेत, हे त्यांना स्मशानयात्रांवरून कळत होते. एप्रिल १९७४ मध्ये डेनिसन खाणीतील शेकडो कामगारांनी कायदेशीर नोटिशीची वाट न पाहता काम बंद केले. मागणी पगारवाढीची नव्हती. श्वास घेण्याजोग्या हवेची होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बोर्दो येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत ओंटारिओच्या सरकारी अधिकाऱ्यांनी याच कामगारांतील कर्करोगाच्या वाढीव प्रमाणावर निबंध वाचला. आपल्या मरणाचे आकडे समुद्रापलीकडल्या सभागृहात वाचले जातात आणि आपल्या गावच्या दवाखान्यात ते मिळत नाहीत, याचा संताप किती झाला असेल, याची कल्पना करता येते.

सरकारला जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. १९७६ च्या त्याच्या अहवालातून आणि संघटनेच्या दबावातून १९७८ मध्ये ओंटारिओचा नवा सुरक्षा कायदा संमत झाला. धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षेच्या निर्णयात सहभागी होण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा असे तीन हक्क त्याने कामगारांना दिले. हा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. माहिती नसेल तर सहभाग पोकळ ठरतो. आणि आपण कोणत्या हवेत उभे आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो काम नाकारणार कशाच्या आधारावर? म्हणून माहितीचा हक्क हा इतर दोहोंचा पाया होय.

कॅनडात किरणोत्सर्गाच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांची राष्ट्रीय मात्रा-नोंदणीही आहे. तीत १९५१ पर्यंत मागे जाणाऱ्या नोंदी आहेत, आणि ती कोणा एका कंपनीच्या नव्हे, तर आरोग्य खात्याच्या ताब्यात असते. कामगार खाण बदलो वा प्रांत बदलो, त्याची मात्रा त्याच्यामागून जाते. अशी व्यवस्था अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

समाजवादाच्या नावाने

तिसरे उदाहरण समाजवाद्यांनी टाळू नये असे आहे. १९४६ पासून पूर्व जर्मनीच्या सॅक्सनी आणि थुरिंजिया भागांत सोव्हिएत युनियनने युरेनियमचे प्रचंड खाणकाम उभे केले. त्या संस्थेचे नाव ‘विस्मुट’, म्हणजे बिस्मथ ठेवण्यात आले, कारण युरेनियमचे नावही गुप्त राखायचे होते. १९९० पर्यंत सुमारे चार लाख माणसांनी तेथे काम केले. श्नेबर्गच्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये जेथे धोक्याची घंटा वाजवली, त्याच डोंगरात! पहिली आठ-नऊ वर्षे कोरडे छिद्रण, अपुरे वायुवीजन आणि रॅडॉनचे मोजमाप शून्य. मोजमाप सुरू झाले ते १९५५ च्या सुमारास. त्या राजवटीच्या अखेरपर्यंत पाच हजारांहून अधिक कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग खाणकामामुळेच झाल्याचे खुद्द त्या सरकारला मान्य करावे लागले.

जर्मनीच्या एकीकरणानंतर शास्त्रज्ञांनी सुमारे ५९ हजार विस्मुट कामगारांचा अभ्यास हाती घेतला. आरंभीच्या वर्षांचे आकडेच नसल्याने जुने नकाशे, वायुवीजनाचे तपशील, कामाच्या पद्धती आणि नोकरीची कार्डे यांवरून प्रत्येक खाण, प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक कामप्रकार यांसाठी मात्रेचा अंदाज त्यांना बांधावा लागला. हे काम मोलाचे खरे. पण जे काम एका साध्या उपकरणाने आणि एका कारकुनाने त्याच दिवशी झाले असते, ते चार दशकांनंतर अंदाजाने करावे लागले.

उत्पादनसाधनांची मालकी सरकारकडे गेली की वही आपोआप कामगाराच्या हाती येते, हा समज या इतिहासाने खोटा ठरवला आहे. मालक खासगी असो, सरकारी असो वा ‘जनतेचा’ म्हणवणारा असो, गुप्ततेच्या आड कामगाराची छाती पोखरली जाते, तेव्हा ते शोषणच होय. लोकशाहीवाचून समाजवाद नाही, हे तत्त्व सभेतल्या घोषणेपुरते नाही. ते बोगद्यातल्या हवेलाही लागू आहे.

घसाऱ्याचा हिशेब

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न हिशेबाचा आहे. कोणतीही खाण कंपनी छिद्रण यंत्र विकत घेते, तेव्हा त्याचा घसारा दरवर्षी ताळेबंदात दाखवते आणि नव्या यंत्राची तरतूद करते. माणसाच्या फुप्फुसाचाही घसारा होतो; पण त्याची तरतूद कोणत्याच ताळेबंदात नसते. तो खर्च वीस वर्षे पुढे ढकलला जातो आणि मग कामगाराच्या कुटुंबाच्या, गावाच्या आणि सरकारी इस्पितळाच्या माथी मारला जातो. स्वस्त युरेनियमचे स्वस्तपण हे असे आहे. मात्रेची नोंद ही या घसाऱ्याची वही होय. ती ठेवली की खर्च दिसू लागतो. दिसू लागला की कोणी भरावा हा प्रश्न उभा राहतो. आणि म्हणूनच ती ठेवण्याची, उघड करण्याची टाळाटाळ होते.

‘मात्रा मर्यादेच्या आत आहे’ एवढा शेरा मारून भागत नाही, याचेही कारण आहे. विज्ञान स्थिर नसते. एक वर्किंग लेव्हल मंथ म्हणजे सुमारे पाच मिलिसीव्हर्ट, असा हिशेब आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९३ मध्ये दिला होता. २०१७ मध्ये त्याच आयोगाने तो सुमारे दहापर्यंत नेला. काल जी मात्रा निम्मी वाटत होती, ती आज दुप्पट ठरली. ज्याच्या वहीत हवेचे मूळ आकडे आणि तास आहेत, त्याचा हिशेब नव्याने करता येतो. ज्याच्या वहीत केवळ ‘ठीक’ असा शेरा आहे, तो कायमचा बुडाला.

नोंदीला दुसरी धार आहे, हेही विसरून चालणार नाही. मर्यादा भरली की कामगाराला घरी पाठवायचे आणि त्याच्या जागी नवा कंत्राटी मजूर उतरवायचा, अशी युक्ती नोंदीच्याच आधाराने करता येते. तेव्हा प्रत्येकाची मात्रा मर्यादेत राहते, आणि विष मात्र अधिक माणसांत वाटले जाते. म्हणून नोंदीच्या मागणीला रोजगाराच्या हमीची जोड हवी. मात्रा भरलेल्या कामगाराला त्याच वेतनावर जमिनीवरचे काम मिळालेच पाहिजे. तसे नसेल, तर पोटासाठी कामगार स्वतःच मोजमाप चुकवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आपल्या दाराशी

भारतात या प्रश्नाचे केंद्र सिंहभूम आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या युरेनियम कॉर्पोरेशनने आज झारखंडात असलेल्या जादुगुडा येथे खाणकाम उभे केले. पुढे नरवापहाड, तुरामडीह आणि आंध्रातील तुम्मलपल्ले येथेही खाणी झाल्या. सिंहभूमच्या खाणी संथाळ, हो आदी आदिवासींच्या मुलखात आहेत. महाराष्ट्राचा याच्याशी संबंध दूरचा नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आहेत; आणि जादुगुड्याच्या किरणोत्सर्ग-मोजणीचे काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तेथील विभागाने केले आहे. मुंबईच्या घरात दिवा लागतो, तेव्हा त्यात सिंहभूमच्या श्वासाचाही वाटा असू शकतो.

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचे विस्तृत अधिकार सरकारला दिले होते, आणि गुप्ततेची ती सवय कायद्यापेक्षा दीर्घायुषी असते. परंतु किरणोत्सर्गापासून कामगारांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९६० चा करार भारताने १९७५ मध्ये मान्य केला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मानकही स्पष्ट आहे: कामगाराची मात्रा-नोंद तो पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत, किंवा झाला असता तोपर्यंत, आणि काम सोडल्यानंतर किमान तीस वर्षे जपली पाहिजे, आणि ती पाहण्याची सोय त्याला असली पाहिजे. बाँबचे रहस्य वेगळे आणि मजुराच्या छातीचा आकडा वेगळा. दुसऱ्यास पहिल्याचे कुलूप लावण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्रहिताच्या नावाने कोणालाही नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक कामगाराला, कायम असो वा कंत्राटी, त्याच्या मात्रेची प्रत दरवर्षी त्याच्या भाषेत, त्याच्या हातात मिळावी. कंत्राटदार बदलला तरी नोंद तुटू नये. मूळ मोजमापे जपली जावीत आणि ती खाण चालवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र अशा राष्ट्रीय नोंदणीत राहावीत. मोजणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. कामगाराच्या मृत्यूनंतर नोंदीवर वारसाचा हक्क असावा. आणि जेथे नोंद ठेवलीच गेली नाही, तेथे संशयाचा फायदा कामगाराला मिळून भरपाईचा भार मालकावर पडावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर संघटनेच्या कार्यालयात एक साधी वही ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. कोण, कोणत्या खाणीत, कोणत्या तळावर, कोणत्या सालापासून, कोणत्या कंत्राटदाराकडे, सोबती कोण, एवढे लिहून त्यावर सह्या-अंगठे घेतले, तरी उद्याच्या विधवेच्या हाती काही उरेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरवून रस्त्याच्या कामाचे मस्टर चारचौघांत वाचून दाखवले. मेलेल्यांच्या नावावर लावलेली हजेरी उघडी पडली आणि त्याच चळवळीतून २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा उभा राहिला. मस्टरवरील खोटी हजेरी मजुराची एक दिवसाची मजुरी खाते; खाणीतील न लिहिलेली हजेरी त्याचे आयुष्य खाते. पहिलीविरुद्ध चळवळ उभी राहू शकली, तर दुसरीविरुद्ध ती उभी राहू नये याला कोणतेही कारण नाही.

कुळाने सातबारावर नाव चढवण्यासाठी लढा दिला. खाणकामगाराचा लढा त्याहून वेगळा नाही. त्याचे नाव, त्याचे तास आणि त्याची हवा एका ओळीत लिहिली गेली पाहिजे, आणि ती ओळ वाचण्याचा पहिला अधिकार त्याचा असला पाहिजे.